आभाळातली शिरगणती

पाऊस ओसरतो, सोयाबीनची मळणी उरकते, कपाशीची पहिली वेचणी सुरू होते आणि नागपूरच्या आसपासच्या मोकळ्या रानावर नवे शिकारी पक्षी दिसू लागतात. धुऱ्यावरच्या विजेच्या तारेवर खरूची येऊन बसते. तुरीच्या पट्ट्यावरून, पंख किंचित वर उचलून, भोवत्या घिरट्या घालू लागतो. तलावावर कैकर पायांत मासा धरून उडताना दिसतो. नोव्हेंबरात नशीब जोरावर असेल तर अमूर ससाणेही वरून पुढे निघालेले दिसतात. कुणी कझाकस्तानच्या गवताळ मैदानातून येतो, कुणी सैबेरियातून, कुणी मंगोलियाच्या पलीकडून. पाहणाऱ्याला आनंद होतो, कॅमेरे निघतात, नावं लिहिली जातात. पण हे पाहुणे आले किती, गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त, या प्रश्नाकडे आपण फार उशिरा वळलो. आपल्या देशात या प्रश्नाचं उत्तर शोधायला ज्या संस्थेने सर्वांत जास्त खस्ता खाल्ल्या, त्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची, म्हणजे बीएनएचएसची, एवढ्या एकाच अंगाने वाटचाल इथे मांडतो आहे. संस्था मुंबईची असली, तरी या कथेत नागपूर सुरुवातीलाही आहे आणि शेवटीही.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण एकत्र आले आणि सोसायटीची स्थापना झाली. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात होत. त्या आठांपैकी दोघे आपले होते: प्रार्थना समाजाच्या संस्थापकांतले डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. हेतू साधा होता. आपण काय पाहिलं ते एकमेकांना सांगायचं आणि जमवलेले नमुने दाखवायचे. १८८६पासून सोसायटीचं जर्नल निघू लागलं आणि देशभरातल्या वनाधिकाऱ्यांची, लष्करी अधिकाऱ्यांची, चहामळेवाल्यांची टिपणं त्यात छापून येऊ लागली.

नागपूरचं नाव त्या जर्नलमध्ये ठळकपणे येतं ते १९३५ साली. आपल्या मध्यवर्ती संग्रहालयातले, म्हणजे नागपूरकरांच्या अजब बंगल्यातले, ई. ए. डी’अब्रू यांनी मध्य प्रांताच्या पक्ष्यांची यादी त्या वर्षी प्रसिद्ध केली. विदर्भातल्या पक्ष्यांवर काम करणाऱ्याला आजही त्या यादीपाशी जावंच लागतं. पण त्या काळच्या बहुतेक याद्यांप्रमाणे तीही ‘कोण आढळतो’ याचं उत्तर देते. फार तर एखादा पक्षी सर्रास दिसतो की क्वचित, हे समजतं. ‘किती’ हा प्रश्न तेव्हा कुणाच्या मनातच नव्हता. गिधाडं आणि घारी मोजायच्या कशाला? त्या असणारच, कावळ्यांसारख्या.

मोजणीच्या दिशेने सोसायटीचं पहिलं पाऊल पडलं ते एका मराठी संस्थानात. १९२७ साली धारच्या पवार महाराजांच्या पाठबळावर तिथे पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याचं काम सुरू झालं. कडं म्हणजे ॲल्युमिनियमची इवलीशी पट्टी. पक्ष्याच्या नडगीभोवती ती बसवायची आणि पकडीने तोंडाशी तोंड जुळेल एवढीच दाबायची. सैल राहिली तर काट्याकुट्यात अडकते, घट्ट झाली तर पाय जातो. तिच्यावर एक क्रमांक असतो आणि मुंबईच्या सोसायटीला कळवा, एवढा इंग्रजी निरोप. पुढे तो पक्षी जिथे मरेल किंवा धरला जाईल, तिथल्या माणसाने पत्र टाकावं, एवढ्या भरवशावर सगळी योजना उभी होती. कुणीतरी मेलेल्या पक्ष्याचा पाय निरखावा, त्यावरची अक्षरं वाचावीत आणि मुंबईला पत्र धाडावं, हे क्वचितच घडणार. तरी ते घडत राहिलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

हे काम मोठ्या प्रमाणावर व्हायला १९५९ उजाडावं लागलं आणि त्याचं कारण पक्षीप्रेमात नव्हतं, रोगात होतं. १९५७ साली कर्नाटकातल्या शिमोगा भागात क्यासनूर जंगलातला ताप उघडकीस आला. त्याचा विषाणू सैबेरियाकडच्या एका विषाणूचा भाऊबंद निघाला. मग हिवाळी पाहुण्यांच्या अंगावरच्या गोचिडांतून तो इकडे आला का, अशी शंका निघाली. जागतिक आरोग्य संघटनेची मदत मिळाली आणि डॉ. सालिम अलींच्या नेतृत्वाखाली सोसायटीचा पक्षीस्थलांतर प्रकल्प उभा राहिला. भरतपूरला जाळी लागली. ती लावायला बिहारचे मीरशिकार आले. पिढ्यान्‌पिढ्या पक्षी धरून पोट भरणारी ही माणसं, त्यांची विद्या आता पक्ष्याला इजा न करता धरून सोडून देण्यासाठी वापरली जाऊ लागली. त्यांच्यातल्या अली हुसेन यांचं नाव सोसायटीच्या इतिहासात मोठमोठ्या शास्त्रज्ञांच्या बरोबरीने घ्यायला हवं. पुस्तकी माणसांना जे जमलं नसतं, ते त्यांच्या हातांना जमत होतं.

लाखो पक्ष्यांना कडी घातली गेली. बदकं, पाणपक्षी, धोबी, कितीतरी पक्ष्यांचे मार्ग उलगडले. शिकारी पक्षी मात्र या जाळ्यात फार थोडे आले. ते थव्याने पाण्यावर उतरत नाहीत, मुळात संख्येने कमी असतात आणि कडं घातलेला ससाणा पुन्हा माणसाच्या हाती लागण्याचा संभव त्याहून कमी. शिवाय कडं वाट सांगतं, संख्या सांगत नाही. संख्येसाठी वेगळं काहीतरी करावं लागणार होतं आणि ते तोवर जगाच्या दुसऱ्या टोकाला सुरू होऊन पंचवीस वर्षं झाली होती.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात किटाटिनी नावाची डोंगररांग आहे. शरद ऋतूत दक्षिणेकडे निघालेले ससाणे आणि गरुड तिच्या कड्यावरून उठणाऱ्या वाऱ्यावर तरंगत जातात. तिथे एका माथ्यावर बसून बंदूकवाले त्यांना शेकड्यांनी टिपत. राज्याने तर १९२९पासून गॉसहॉक मारणाऱ्याला ५ डॉलर इनाम लावलं होतं. मेलेल्या पक्ष्यांच्या रांगांची छायाचित्रं पाहून न्यूयॉर्कच्या रोझाली एज या बाईंनी १९३४ साली तो डोंगरच भाडेपट्ट्याने घेतला, पुढे विकत घेतला आणि मॉरिस ब्राउन व त्यांची पत्नी अर्मा यांना तिथे राखणीला बसवलं. हॉक माउंटन या नावाने ते जगातलं शिकारी पक्ष्यांचं पहिलं अभयारण्य झालं. ब्राउन नुसती राखण करत बसले नाहीत. जाणारा प्रत्येक पक्षी त्यांनी वहीत उतरवला. कुठला, किती वाजता आणि पोरसवदा की पुरता वाढलेला, हे सगळं.

या शेवटच्या नोंदीचं मोल पुढे कळलं. १९३५ ते १९३९ या काळात तिथून गेलेल्या टकल्या गरुडांत ४० टक्के पिल्लं होती. १९५५ ते १९५९मध्ये ती २० टक्क्यांवर आली. १९५७ साली तर ३२ मोठ्यांमागे एक पिल्लू. रेचल कार्सन यांनी १९६२च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये हे आकडे मांडले आणि डीडीटीमुळे गरुडांची वीण बुडते आहे, हे जगाला दाखवून दिलं. १९७२ साली अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली. ब्राउन पहिल्या दिवशी वही घेऊन बसले, तेव्हा डीडीटी बाजारात आलेलंही नव्हतं. आपण कशासाठी मोजतो आहोत, हे मोजणाऱ्याला त्या वेळी ठाऊक नसतं. माझ्या मते या कामाची सगळी ताकद तिथेच आहे.

मग आपल्याकडे असा डोंगर का नाही? आहे, पण हिमालयात. धरमशाळेला यान विलेम डेन बेस्टन या अभ्यासकाने २००१च्या शरदात आणि पुढच्या वसंतात बसून स्टेपी गरुड मोजले. ते हजारोंच्या संख्येने हिमालयाच्या कुशीतून पूर्व-पश्चिम ये-जा करतात, हे त्यातून पुढे आलं. नेपाळमध्ये पोखऱ्याच्या पश्चिमेला ठूलाखर्क इथे अशी मोजणी होते. जॉर्जियातल्या बातुमीला २००८पासून होते आणि काळा समुद्र व कॉकेशसच्या बेचक्यातून एका हंगामात दहा लाखांवर शिकारी पक्षी जातात. मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझला हा आकडा चाळीस लाखांवर जातो. डोंगर किंवा समुद्र पक्ष्यांना एका चिंचोळ्या वाटेवर आणतो, म्हणून तिथे मोजता येतं.

मोजण्याची रीत पाहण्यासारखी असते. सकाळी नऊ-दहाला जमीन तापते, गरम हवेचा स्तंभ वर चढू लागतो आणि त्यात पक्षी गोल गोल फिरत उंची गाठतात. ते फिरत असताना मोजायला जाऊ नये, डोकं चक्रावतं आणि तोच पक्षी तीनदा मोजला जातो. स्तंभाच्या माथ्यावर पोचले की ते पंख स्थिर करून एकामागोमाग एक पुढच्या दिशेने घसरत निघतात, माळेतले मणी ओघळावेत तसे. तेव्हा मोजायचं. अंगठ्याखाली आकडे पुढे सरकवणारं यंत्र असतं. दुर्बिणीतून डोळा हलवायचा नाही, बोलायचं नाही, मण्यामागे एक टिचकी. शेजारचा दुसरा माणूस स्वतंत्रपणे मोजतो आणि मग दोघांचे आकडे ताडून पाहतात. तासागणिक वारा, ढग, तापमान लिहायचं. एकही पक्षी गेला नाही तर शून्य लिहायचं. ते शून्य गाळलं तर पुढच्या सगळ्या सरासऱ्या खोट्या.

विदर्भात किंवा दख्खनेत असा चिंचोळा मार्ग नाही. इथे पक्षी पसरून, रुंद आघाडीने येतात, म्हणून बीएनएचएसने दुसऱ्या वाटा धरल्या. पहिली वाट घरट्यांची. डॉ. विभु प्रकाश १९८०च्या दशकात भरतपूरच्या केवलादेवात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करत होते. १९८७-८८च्या विणीच्या हंगामात त्यांनी पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी मोजली. हे गिधाड त्या वेळी इतकं सर्वत्र होतं की जगातला सर्वांत विपुल मोठा शिकारी पक्षी हाच असावा, असं परदेशी अभ्यासक लिहीत होते. सोसायटीचे रॉबर्ट ग्रब यांनी १९७०च्या दशकात गीरमध्ये गिधाडांवर काम केलं, तेव्हाही प्रश्न त्यांच्या सवयींचा होता, अस्तित्वाचा नव्हता. १९९६च्या हंगामात विभु प्रकाश पुन्हा त्याच झाडांखाली गेले. घरटी १५० भरली. फांद्यांवर माना लोंबत्या टाकून बसलेली आजारी गिधाडं दिसली. झाडांखाली, झुडपांत अडकलेली मेलेली गिधाडं दिसली. पुढच्या काही वर्षांत तिथला विणीचा संसारच उठला.

ही एकट्या भरतपूरची गोष्ट आहे की देशाची? इथे सोसायटीला आपल्याच जुन्या कागदांचा आधार मिळाला. १९९१ ते १९९३ या काळात तिच्या माणसांनी उत्तर आणि मध्य भारतातल्या रस्त्यांवरून हळू गाडी चालवत दोन्ही बाजूंचे शिकारी पक्षी मोजून ठेवले होते. तो एक साधा पाहणी प्रकल्प होता, धोक्याची चाहूल तोवर कुणालाच नव्हती. २०००मध्ये तेच रस्ते, तीच रीत घेऊन पुन्हा मोजणी झाली. मग २००२, २००३, २००७. १९९२शी ताडलं तर २००७पर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांत ९९.९ टक्के घट आली होती. हजारात एक उरलं. लांब चोचीची आणि बारीक चोचीची मिळून जवळजवळ ९७ टक्के गेली. १९९१ची गाडी निघाली नसती, तर ‘पूर्वी फार गिधाडं होती हो’ एवढंच आपल्या हाती राहिलं असतं. म्हाताऱ्यांच्या आठवणीवर कुठलंही सरकार औषधावर बंदी आणत नाही.

कारण शोधण्याचं श्रेय सीमेपलीकडच्या कामाला आहे. पाकिस्तानात काम करणाऱ्या लिंडसे ओक्स यांच्या चमूने २००४मध्ये ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं, की गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक गिधाडाच्या मूत्रपिंडाचा घात करतं. शरीरातलं युरिक आम्ल बाहेर पडत नाही आणि मेलेल्या गिधाडाच्या काळजावर, यकृतावर पांढरा खडूसारखा थर बसलेला दिसतो. शंभर मेलेल्या गुरांत एकाच्याही अंगात हे औषध असलं, तरी एवढी पडझड व्हायला पुरे, असं गणित पुढे मांडलं गेलं, कारण एका गुरावर कितीतरी गिधाडं तुटून पडतात. २००६मध्ये भारतात जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हा निर्धोक पर्याय सिद्ध झाला. माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात होत्या, त्या २०१५मध्ये बंद झाल्या. २०२३मध्ये एसिक्लोफिनॅक आणि किटोप्रोफेनही गेली. दरम्यान, हरियाणातल्या पिंजोरला सोसायटीने राज्याच्या वनखात्याबरोबर गिधाडांचं प्रजनन केंद्र उभं केलं होतं. गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, म्हणून या कामाला दशकं लागतात. तिथे काम करणाऱ्यांनी ती दिली.

पाहुण्या शिकाऱ्यांपैकी भोवत्यांसाठी आणखी वेगळी मोजणी लागते. दिवसभर ते मैलोन्‌मैल विखुरतात, पण सांजेला उंच गवतात जमिनीवर एकत्र निजतात. सूर्य कलला की गवताच्या कडेने माणसं ठरावीक अंतरावर बसवायची आणि आपल्या बाजूने आत शिरणारा पक्षी ज्याने त्याने मोजायचा. गुजरातेत वेळावदरला १९९०च्या दशकात रॉजर क्लार्क आणि विभु प्रकाश यांनी मोजलेली अशी निजेची जागा जगातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक ठरली. गवत राहिलं तर भोवत्या राहतो, इतकं हे सरळ आहे. आपल्याकडे माळरान म्हणजे पडीक जमीन असं सरकारी दप्तरात लिहिलं जातं आणि त्यावर खड्डे खणून झाडं लावली जातात. भोवत्याच्या दृष्टीने ते वृक्षारोपण म्हणजे घर मोडणं आहे, हे मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

अमूर ससाण्याची कथा मुंबईच्या सोसायटीबाहेरची, पण तिच्याशिवाय हा लेख अपुरा राहील. ऑक्टोबर २०१२मध्ये शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन, बानो हरालू आणि रोकोहेबी कुओत्सु हे नागालँडच्या दोयांग जलाशयाकाठी पोचले. तिथे जाळ्यांत अडकवून मारल्या जाणाऱ्या ससाण्यांचा त्यांनी हिशेब मांडला: एका हंगामात सव्वा लाखाच्या घरात. त्यांचं चित्रीकरण आणि तो आकडा देशभर गेला. गावकऱ्यांनी, चर्चने, वनखात्याने मनावर घेतलं आणि २०१३च्या हंगामात एकही ससाणा मारला गेला नाही. त्याच नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी हंगेरीच्या तज्ज्ञांसह तीन ससाण्यांच्या पाठीवर पाच ग्रॅमची उपग्रह यंत्रं बसवली. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. बंगालचा उपसागर, आंध्र, तेलंगण, महाराष्ट्र, मग सलग अरबी समुद्र आणि सोमालिया, अशी वाट नकाशावर उमटली. दीडशे ग्रॅमचा जीव दख्खन ओलांडून समुद्रावर झेपावतो. तोच ससाणा नोव्हेंबर-डिसेंबरात लोणावळ्याच्या माथ्यावर टिपायला मुंबई-पुण्याचे लोक धावतात.

आता मोजणारे हात वाढले आहेत. बीएनएचएससह अनेक संस्थांनी मिळून काढलेल्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या अहवालाच्या २०२३च्या आवृत्तीत ३०,०००हून अधिक हौशी निरीक्षकांच्या नोंदींवरून ९४२ जातींची स्थिती तपासली गेली. सर्वांत जास्त घसरण झालेल्यांत शिकारी पक्षी आहेत. महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह २०२०पासून राज्य शासनाने अधिकृत केला. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या जन्माचा, शेवटचा सालिम अलींच्या जन्माचा. चितमपल्ली कितीतरी वर्षं नागपूरचेच होते. नवेगावबांध आणि नागझिरा त्यांनी मराठी वाचकाच्या घरात आणलं. जून २०२५मध्ये ते गेले. शिकारी पक्ष्यांच्या स्थलांतराच्या दिवसांतच हा आठवडा येतो, ही सोय आपल्याला आयती मिळाली आहे. ती व्याख्यानं आणि छायाचित्रांच्या प्रदर्शनांतच संपवू नये.

कारण काम दारात येऊन ठेपलं आहे. २१ जानेवारी २०२४ रोजी पिंजोरहून २० गिधाडं महाराष्ट्रात आणली गेली. दहा लांब चोचीची नागपूर जिल्ह्यातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पात, दहा पांढऱ्या पाठीची ताडोब्यात. आधी मोठ्या पिंजऱ्यात ठेवून त्यांना इथली हवा, इथलं रान ओळखीचं होऊ दिलं, पाठीवर यंत्रं बसवली आणि त्याच वर्षी पावसाळ्यात दारं उघडली. काही दगावली. ताडोब्यातलं एक राज्यामागून राज्य ओलांडत तामिळनाडूपर्यंत गेलं. पिंजऱ्यात वाढलेल्या पक्ष्याने एवढा पल्ला मारावा, ही उमेद वाढवणारी गोष्ट आहे आणि काळजीचीही. वाटेतल्या प्रत्येक तालुक्यात मेलेलं गुरू कुठल्या औषधावर होतं, यावर त्याचं जगणं ठरणार.

यंत्र बसवलेल्या गिधाडाचा ठावठिकाणा संगणक सांगेल. बिनयंत्राचं एखादं गिधाड त्याच्या सोबतीला आलं, हिमालयातलं पाहुणं गिधाड हिवाळ्यात पेंचवर उतरलं, स्टेपी गरुड उमरेडच्या बाजूने गेला, तर ते माणसालाच पाहावं लागेल. त्यासाठी नागपूरला एक ठरलेली जागा हवी: सेमिनरी हिल्स, गोरेवाड्याची टेकडी किंवा पेंचच्या वेशीवरचा एखादा उंच माथा. कोजागिरीपासून मार्गशीर्ष संपेपर्यंत रोज सकाळी दहा ते दुपारी दोन, दोन जण, एक दुर्बीण, एक वही. रुंद आघाडीने येणाऱ्या पक्ष्यांतले थोडेच तिथून दिसतील आणि पहिली काही वर्षं त्या आकड्यांतून काहीही निघणार नाही. महाविद्यालयांचे प्राणिशास्त्र विभाग, वनखातं आणि शहरातले पक्षीमित्र यांनी पाळ्या वाटून घेतल्या तर माणसं पुरतील. वही मात्र एकच हवी, रकाने पहिल्या वर्षी ठरतील तेच पुढेही राहावेत आणि तिची एक प्रत दरवर्षी सोसायटीकडे जावी.